पान एकशे बेचाळीस

दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, साडेपाचला,
गांधीबागेतल्या वाचनालयाच्या वरच्या माळ्यावर
मी घंटी घेऊन बसते.
शाळेतली नाही, देवघरातली;
दांडा हलतो म्हणून देवानं सोडून दिलेली.

नियम माझेच आहेत.
एकाला तीन मिनिटं.
पुस्तकाबद्दल बोला, सुनेबद्दल नाही.
दुसऱ्याचं वाक्य तोडलं की घंटी.
"आमच्या वेळी" असं सुरू झालं की घंटी.
न वाचता आलात तर बसा खुशाल,
मत तेवढं घरी ठेवून या.
हे सगळं मी फळ्यावर लिहून ठेवलंय.
खाली कुणीतरी जोडलंय : चहा?

या वेळी जुनी कादंबरी होती,
तीन पिढ्यांच्या परीक्षांना पुरून उरलेली,
नाव काढलं की माणसं आधी सरळ बसतात
आणि मग जांभई देतात.
पान एकशे बेचाळीस :
नवरा परागंदा, दिव्यात तेल नाही,
आणि ती रात्रभर चांदण्यात लुगडं विणते.

दाणी सर म्हणाले, चांदणं म्हणजे विरह.
सरांचं चांदणं तीन मिनिटांत मावत नाही.
घंटी.
तसनीम मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली,
मला वाटलं, तिला झोपच येत नसेल,
आणि एवढ्या पानांत कुणी विचारलं नाही तिला.
नलूताई भांगे म्हणाल्या, आमच्या सुनेचंही अगदी
घंटी.

मग पुनाजी हेडाऊ.
दोन वर्षं शेवटच्या खुर्चीत, कूलरच्या तोंडाशी,
मांडीवर पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं.
आजवर बोलले ते फक्त "हजर".
ओठ हलले. काही ऐकू आलं नाही.
तसनीम उठली
आणि तिनं कूलर बंद केला.

एप्रिलच्या नागपुरात
कुणासाठी कूलर बंद करणं म्हणजे काय,
ते बाहेरगावच्या माणसाला सांगून कळायचं नाही.
शाल-श्रीफळ त्यापुढे स्वस्त.

"बाई, मी चाळीस वर्षं माग चालवला,"
(स्वतःचं सुरू झालं; माझा हात घंटीकडे गेला)
"चांदण्यात लाल अन् काळा एकच दिसते.
किनार कशी धरन ते?
तुटला धागा दिसतच नाही.
लेखकानं माग पाह्यला असन,
रात्री नसन पाह्यला."

"अहो, ते प्रतीक आहे," सर म्हणाले.

"असन ना सर. प्रतीक असन.
पण अंधारात धागा बोटाले समजते.
ढिला पडला का, तुटला का, बोट सांगते.
त्यायनं चांदणं लिहिलं.
बोटं लिहाची राह्यली."

आणि डोळे मिटून त्यांनी हवेत हात धरले.
धोटा इकडून गेला, तिकडून आला,
डावं बोट एका जागी थांबलं.
"हे इथं."
आम्ही सगळे वाकून ती जागा पाहिली.

सात मिनिटं झाली होती.
घंटीचा लोलक माझ्या मुठीत, घामेजलेला.
वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत होतं.
दाणी सरांनी पान पुन्हा उघडलं,
ते वाक्य वाचलं
आणि त्याचा अर्थ सांगितला नाही.

सगळे गेल्यावर प्रती मोजल्या.
पर्समध्ये खोडरबर असतो माझ्या;
वाचक समासात पेन्सिलनं लिहितात,
तीस वर्षं मी पुसत आले.
सगळ्यात जुन्या प्रतीत, पान एकशे बेचाळीसला,
समास झिजलाय.
मीच पुसलं असणार कधीतरी काही.
ट्यूबलाइटखाली धरलं, दिसलं नाही.
मग डोळे मिटून बोट फिरवलं.
अक्षर नाही, एक दाब लागला,
वाकडा, खाली टिंब असल्यासारखा.

मला वाटतं तेच असेल, किंवा नसेलही.
पुढच्या शनिवारी
हेडाऊंचं बोट उसनं मागीन.